पहिलं स्वयंपाकघर मांडताना डाव, उलथणं आणि वाढायचा चमचा कसा निवडायचा

माझी भाची नोकरीसाठी इंदूरला आली. विजयनगरला दोन खोल्या घेतल्या आणि महिनाभरानं मला नाश्त्याला बोलावलं. पोहे करत होती. कढई चांगली होती, पोहे बेताचे भिजले होते, फोडणीही नीट तडतडली होती. हातात मात्र काळं नायलॉनचं उलथणं. मी ते धुऊन उजेडात धरलं. पुढची कड उंदरानं कुरतडावी तशी खाचाखाचांची झाली होती आणि एका कोपऱ्याला वितळून परत घट्ट झालेला थेंब चिकटला होता. कडेचा जो भाग नाहीसा झाला होता, तो महिनाभरात भाज्यांतूनच गेला असणार.

"मावशी, सहाचा सेट होता, स्टँडसकट स्वस्तात मिळाला," ती म्हणाली.

पुढच्या शनिवारी आम्ही दोघी राजवाड्यामागच्या बर्तन बाजारात गेलो. तिथे तिला जे एकेक करून दाखवलं, तेच इथे लिहिते आहे. इंदूरला शिकायला, नोकरीला येऊन पहिल्यांदाच चूल मांडणारी पुण्या-नागपूर-जळगावची बरीच मुलं-मुली आहेत. कढई, कुकर, तवा यांची ती आठवणीनं यादी करतात आणि चमचे मात्र मिळतील तसे उचलतात. रोज तीनदा हातात येते ती हीच वस्तू. माझं सांगणं एवढंच आहे, की चमचा भांड्याला आणि आपल्या हाताला लावून बघून घ्यायचा. सेट घेतला की हे जमत नाही, कारण सेट कोणाच्याच कढईच्या मापानं केलेला नसतो.

पहिली पायरी: दुकानात जाण्याआधी घरची भांडी मोजा

टेप घ्या आणि तीन गोष्टी लिहून ठेवा: कढईच्या तोंडाची रुंदी, सर्वांत खोल पातेल्याची उंची, आणि कुठलं भांडं नॉनस्टिक आहे.

आता कढईचा बुडाचा बाक. यासाठी मिठाईच्या खोक्याचा पुठ्ठा घ्या, कढईत उभा धरा, पेन्सिलीनं बाकाची रेघ मारा आणि त्या रेघेवर कापा. दोन-तीनदा कातरलं की पुठ्ठा कढईत फट न ठेवता बसतो. हा पुठ्ठा पिशवीत घालून दुकानात न्यायचा. उलथण्याची पुढची कड त्याच्यावर टेकवून बघायची. गोल बुडाच्या कढईत सरळ कडेचं उलथणं फक्त दोन टोकांना टेकतं. मधली बोटभर जागा खरवडलीच जात नाही, आणि पिठलं, भाजी किंवा हलवा नेमका तिथे लागतो. मग आपण म्हणतो कढई वाईट आहे. उलट सपाट बुडाच्या पातेल्यात गोल डाव फिरवला, तर बूड आणि भिंत जिथे मिळतात तिथे कडं धरतं. दुधाला करपा लागतो तो बहुतेक वेळा तिथूनच.

लांबीचा हिशेब सोपा आहे. चमचा भांड्यात उभा टेकवल्यावर काठाच्या वर निदान पाच-सहा इंच दांडा उरला पाहिजे, म्हणजे हात वाफेच्या बाहेर राहतो आणि चमचा भांड्यात घसरून बुडत नाही. सहा इंच खोल पातेल्याला बारा इंचांच्या आसपासचा डाव, दहा इंची कढईला अकरा-बारा इंचांचं उलथणं. त्याहून लांब घेतलंत, तर ते छोट्या कढईला तोलात जड होतं आणि हात काढताक्षणी कढई कलंडते. वाढायच्या चमच्याला आठ-नऊ इंच पुरे.

दुसरी पायरी: काय मागायचं ते ठरवा

दोन-तीन माणसांच्या घराला सुरुवातीला इतकंच लागतं: एक स्टीलचं उलथणं, एक डाव, एक लाकडी चाटू, एक भातवाढी, फोडणीची एक लोखंडी पळी आणि वाढायचे दोन चांगले चमचे. झारा तळण सुरू झाल्यावर घ्या. तेव्हाही पुऱ्यांसाठी सपाट झारा आणि भज्यांसाठी खोलगट जाळी अशा दोन निराळ्या गोष्टी असतात, आणि गोल भोकांचा बुंदीचा झारा तिसराच. तळणाला घेतलात तर त्यातून तेल निथळायला वेळ लागतो.

दुकानात नावांची गंमत होते, म्हणून सांगून ठेवते. होळकरांच्या काळापासून इंदूरला मराठी घरं आहेत, रामबाग, लोकमान्यनगर या भागांत आजही घराघरांत डाव आणि पळी हेच शब्द आहेत, पण बाजार हिंदी-माळवीत चालतो. डाव मागायचा तर "कडछी" किंवा "करछुल" म्हणा. उलथण्याला पुण्याकडे कालथाही म्हणतात, विदर्भात सराटा, इथे "पलटा". झारा इथेही झाराच. पक्कड किंवा सांडशी हवी असेल तर "संडासी". फोडणीच्या पळीला "तडक्याची कडछी" म्हटलं की बरोबर वस्तू समोर येते. भातवाढीला, म्हणजे काही घरांत ज्याला हाता म्हणतात त्याला, "चावल का चम्मच". नुसतं "चम्मच" म्हटलंत, तर समोर पोहे खायचे चमचे येतील.

तिसरी पायरी: कशाचा घ्यायचा

यावर जरा थांबून लिहिते, कारण चुका इथेच होतात.

स्टीलमध्ये तीन प्रकार बाजारात सर्रास दिसतात. ३०४ म्हणजे ज्यावर १८/८ असंही लिहिलेलं असतं. त्यात साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल. २०२ मध्ये निकेल कमी करून त्याऐवजी मँगनीज वापरलेलं असतं. ४३० म्हणजे १८/०, त्यात निकेल जवळजवळ नसतंच. मीठ, चिंच, टोमॅटो यांच्यापुढे सर्वांत चांगला टिकतो तो ३०४. शिजवायच्या चमच्यांना मी तोच घ्यायला सांगते. कोरड्या वाढण्याला बाकीचेही चालतात.

बरेच लोक खिशात लोहचुंबक घेऊन जातात. चुंबक चिकटला तर वाईट, नाही चिकटला तर उत्तम, अशी समजूत आहे. ती अर्धीच खरी. ४३० ला चुंबक घट्ट चिकटतो. ३०४ ला चिकटत नाही, पण २०२ लाही चिकटत नाही, म्हणून या दोघांतला फरक चुंबक सांगू शकत नाही. शिवाय ३०४ चा पत्रा ठोकून वाकवला, की वाकलेल्या जागी तोही थोडासा ओढ दाखवतो. तेव्हा दांड्याच्या मागे ३०४ चा ठसा आहे का ते बघा, आणि बिलावर तसं लिहून घ्या. २०२४ मध्ये सरकारी आदेशानं स्टेनलेस स्टील आणि अ‍ॅल्युमिनियमच्या भांड्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचं करायचं ठरलं, तेही शोधा.

जाडी गेजमध्ये सांगतात आणि आकडा उलटा चालतो: आकडा लहान तितका पत्रा जाड. १६ गेज म्हणजे साधारण दीड मिलिमीटरहून किंचित जास्त, १८ गेज सव्वा मिलिमीटरच्या आसपास, २० गेज एक मिलिमीटरहूनही कमी. उलथणं आणि डाव १८ गेजपेक्षा पातळ नको. दुकानातच दोन्ही अंगठे मध्यावर ठेवून दांडा वाकवून बघा. हातानं वाकला, तर गुळाच्या पाकात तो नक्की वाकणार.

पितळ दिसायला देखणं, हातात वजनदार. पण पितळ उष्णता स्टीलच्या सहा-सात पट वेगानं वाहून नेतं, म्हणून उकळत्या पातेल्यात पाच मिनिटं राहिलेला पितळी डाव फडक्याशिवाय धरता येत नाही. दुसरं म्हणजे आंबट. बिनकल्हईच्या पितळेत ताक, चिंचेची आमटी, सोलकढी कळकते. चव तुरट-कडवट होते आणि ती पोटाला बाधते. आजीच्या काळातलं पितळ घरी असेल आणि वापरायचं असेल, तर कल्हई करून घ्या. कल्हई म्हणजे तापवलेल्या भांड्यावर नवसागर टाकून कथलाचा हात फिरवणं. कथील २३२ अंश सेल्सियसला वितळतं, म्हणून कल्हईचा डाव रिकाम्या तापत्या कढईत टेकवून ठेवू नका. पितळी भातवाढी मात्र कल्हईशिवायही ठीक, कारण साधा भात आंबट नसतो आणि ती भांड्यात राहत नाही.

अ‍ॅल्युमिनियमचा डाव शिजवायला घेऊ नका. आंबटाशी त्याचंही जमत नाही, आणि तापायला तर स्टीलपेक्षा दहा पटींहून जास्त उतावळा.

नायलॉनबद्दल सुरुवातीलाच लिहिलं. त्याचे एक-दोन प्रकार आहेत. एक २२० अंशांच्या आसपास वितळतो, दुसरा २६५ च्या आसपास, आणि मऊ तर त्याच्या बरेच आधी पडतात. तळणाचं तेल १७० ते १९० अंशांवर असतं, पण फोडणीला तापत ठेवलेल्या पातळ कढईचं बूड त्याच्या पुष्कळ वर जातं. उलथणं कढईतच टेकवून ठेवण्याची सवय असेल, तर नायलॉन घेऊच नका. नॉनस्टिक तव्यासाठी काही मऊ हवं असेल, तर लाकूड घ्या, नाहीतर चांगल्या प्रतीचं सिलिकॉन. नॉनस्टिकवर स्टील फिरवायचं नाही, याला अपवाद नाही.

लाकूड मला स्वतःला सर्वांत प्रिय. तापत नाही, भांड्याचा आवाज करत नाही, साबुदाणा चिरडत नाही. भुट्ट्याचा कीस एकदा घरी करून बघा. किसलेलं मक्याचं कणीस तुपावर परतून दुधात आटवायचं असतं. मक्यातलं पीठ बुडाला बसतं आणि दूध करपायची वाटच बघत असतं. तिथे सरळ कडेचा लाकडी चाटू सपाट बुडावरून इकडून तिकडे सरकवत राहिलं, तर कीस खाली लागत नाही. स्टीलचं उलथणं हेच काम करतं, पण वीस मिनिटांनी मनगट सांगतं.

लाकूड निवडताना रेषा बघा. लाकडाच्या रेषा दांड्याच्या लांबीच्या दिशेनं, मानेतूनही सलग गेल्या पाहिजेत. मानेपाशी रेषा आडव्या गेल्या असतील, तर चमचा तिथेच मोडतो. शिसम, सागवान, कडुनिंब इथे सहज मिळतात. एका तुकड्यातून कोरलेला घ्या, जोड दिलेला नको. चकाकणारं पॉलिश असलेला तर अजिबात नको. ते पॉलिश आमटीत उतरतं. नख लावून बघा. नखाचा वळ खोल उठला, तर लाकूड मऊ आहे, लवकर तुसं सुटतील. डावखुऱ्यांनी आणखी एक बघावं: बरेचसे चाटू एका बाजूनं तिरपे कापलेले असतात आणि तो तिरपेपणा उजव्या हाताचा असतो. तुम्हाला दोन्हीकडून सारखा असलेला हवा.

चौथी पायरी: हातात घ्या, उलटा करा, झटका

यातली एक गोष्ट मी अनुभवानं शिकले. काही वर्षांपूर्वी मी एक देखणा झारा आणला होता, जाड गोल दांड्याचा. दांडा आतून पोकळ होता आणि टोकाला टांगण्यासाठी कडी. कडीच्या बुडाशी सुईच्या अग्राएवढं भोक होतं, ते मला दिसलं नाही. रोज घासताना त्यातून थोडं थोडं पाणी आत जात राहिलं. एका दिवाळीत शेव तळताना मी तो झारा कढईच्या काठावर आडवा ठेवला, कडी खाली, जाळी वर. दांडा तापला. आतल्या पाण्याची वाफ झाली आणि भोकातून फर्रकन उडालेलं पाणी तेलात पडलं. तेल उसळलं. मनगटापासून कोपरापर्यंत भाजलं. बाजूला मूल उभं नव्हतं, हे नशीब.

तेव्हापासून कुठलाही पोकळ दांड्याचा चमचा मी कानाशी धरून हलवते. आत खळखळ ऐकू आली तर परत. नवा असेल तर टोकाची झाळ, कडीची बेचकी, दांडा आणि वाटीचा जोड यांवरून बोट फिरवते. खरं तर शिजवायला भरीव पट्टीचा दांडाच घ्यावा. तो टोकाला थोडा वळवलेला असतो, त्याच वळणानं तो पातेल्याच्या काठाला अडकतो आणि आत घसरत नाही.

आता जोड. वाटी आणि दांडा एकाच पत्र्यातून काढलेला असेल, तर उत्तम. झाळलेला असेल, तर झाळ सगळीकडून सलग आहे का ते बघा. ठिपक्याठिपक्यांनी झाळलेल्या डावाच्या सांध्यात पिठलं अडकतं, घासणीला येत नाही, आणि आठवड्याभरात तिथून आंबूस वास येतो. रिव्हेट असतील, तर ते आतल्या बाजूनं सपाट हवेत. नख अडकलं तर अन्नही अडकणार.

मानेचा कोन. डावाची वाटी दांड्याशी थोडी वळलेली असते. वाटी पाण्याच्या पातळीत धरून दांडा किती उभा राहतो ते बघा. दांडा जितका उभा, तितका खोल पातेल्यातून पातळ पदार्थ काढायला सोपा. पंगतीतलं उभ्या दांड्याचं ओगराळं याचसाठी तसं असतं, कारण बादलीत हात घालून आमटी काढायची असते. घरच्या उथळ कढईला इतका उभा दांडा नको. तिथे मनगट उगीच उचलावं लागतं.

कड. तळव्यावर हलकेच फिरवून बघा. उलथण्याची पुढची कड पातळ हवी, पण बोट कापणारी नको. जाड कडेचं उलथणं थालीपीठाखाली शिरत नाही, त्याला ढकलतं. राजवाड्यापासून छप्पन दुकान या खाऊगल्लीपर्यंत कुठल्याही पोहेवाल्याचा हात पाच मिनिटं उभं राहून बघा. पोहे वाफेवर गरम ठेवलेले असतात. तो ते ढवळत नाही. रुंद, उथळ, पातळ कडेचा चमचा बाजूनं खाली सारतो, उचलतो आणि वर सैल सोडतो. दिवसभर तेच पोहे वरखाली होतात, तरी पोह्याची पाकळी मोडत नाही. साबुदाण्याच्या खिचडीलाही हीच रीत. भाचीला मी हे आधी रस्त्यावर दाखवलं, मगच दुकानात शिरलो.

शेवटी वजन. डाव मधोमध बोटावर तोलून धरा. वाटीकडे जरासा झुकला पाहिजे. दांड्याकडे झुकत असेल, तर रिकाम्या वाटीत ठेवल्यावर तो उलटून पडतो, आणि पडताना ओट्यावर आमटी सांडतो. सांधेदुखी असलेल्यांनी जाड दांड्याचा, पण हलका घ्यावा.

पाचवी पायरी: वाढायचा चमचा निराळा घ्या

शिजवायचा डाव तसाच टेबलावर आणायचा, ही घाईच्या घरांची सवय. मला ती पटत नाही. शिजवायच्या डावाची वाटी मोठी, तोंड रुंद. ताटात वाढताना आमटी वाटीच्या बाहेर जाते, भाजी चटणीवर पडते. ताटाला जागा ठरलेल्या आहेत: वर मध्ये मीठ, डावीकडे लिंबू, चटणी, कोशिंबीर, उजवीकडे भाज्या आणि वाट्या, समोर भाताची मूद. या जागा लहान आहेत. म्हणून डावीकडचं वाढायला लहान टोकदार चमचा, उजवीकडे मध्यम, आणि भाताला रुंद सपाट भातवाढी. भातवाढी खोलगट घेऊ नका. भात तिच्यात दाबला जातो आणि शितं मोडतात. वापरण्याआधी ती पाण्यात बुडवून घेतली की भात चिकटत नाही.

वाढायचा चमचा दुकानात पारखायची एक युक्ती. दुकानदाराकडे पेलाभर पाणी मागा. चमचा पाण्यानं भरा आणि हळूहळू पुढे कलता करा. धार टोकावरून सुटी, सरळ पडली पाहिजे. पाणी कडेवरून वळून चमच्याच्या पोटाखालून ओघळत आलं, तर तो चमचा कढी वाढताना ताटभर थेंब पाडणार. दुमडलेल्या, गोल कडेच्या चमच्यांत हे हमखास होतं. पातळ, न दुमडलेल्या कडेवरून धार तुटते. आम्ही त्या दिवशी पाच चमच्यांवर हे करून बघितलं. दुकानातला मुलगा आधी कुतूहलानं बघत होता, मग स्वतःच आतून आणखी तीन चमचे घेऊन आला.

मोठ्या हॉटेलांच्या स्वयंपाकघरांत ताट सजवायला एक खास चमचा वापरतात. न्यूयॉर्कमध्ये नाव कमावलेले शेफ ग्रे कुंझ (१९५५–२०२०) यांच्या नावानं तो ओळखला जातो. लांबी सुमारे ९ इंच, पोटात साधारण अडीच टेबलस्पून, म्हणजे ३७-३८ मिलिलिटर मावेल एवढी रुंद वाटी, आणि टोकाकडे निमुळती कड. त्याच चमच्यानं रस उचलायचा, पदार्थावर सोडायचा, चव घ्यायची आणि ताटात मांडणी करायची. तोच चमचा आणायची गरज नाही. पण हे माप लक्षात ठेवा: आठ-नऊ इंच लांब, ३० ते ४० मिलिलिटर मावणारा, पातळ कडेचा, किंचित निमुळत्या टोकाचा. अशा मापाचे साधे स्टीलचे वाढपाचे चमचे बर्तन बाजारात मिळतात. एक टेबलस्पून १५ मिलिलिटर. मेडिकलच्या दुकानातल्या औषधाच्या टोपणावर खुणा असतात, त्यानं मोजता येतं. घरी वजनकाटा असेल तर आणखी सोपं, कारण एक मिलिलिटर पाणी म्हणजे एक ग्रॅम.

मापाचा फायदा रोजच्या ताटात दिसतो. आमटीचा डाव ६० ते ७५ मिलिलिटरचा असला, की दीडशे मिलिलिटरची घरगुती वाटी दोन डावांत न सांडता भरते. शंभर-सव्वाशेचा डाव असेल, तर एक कमी पडतो आणि दोन सांडतात.

श्रीखंड सुबक वाढायचं असेल, तर असं करा. श्रीखंड फ्रिजमधून काढलेलं, घट्ट हवं. चमचा कोमट पाण्यात बुडवून झटकून घ्या. श्रीखंडाच्या पृष्ठभागावर चमचा तिरपा लावून आपल्याकडे सावकाश ओढा, मनगट थोडं वळवत, म्हणजे श्रीखंड चमच्यात गुंडाळत येतं आणि अंड्यासारखा गुळगुळीत आकार होतो. तो ताटलीत ठेवताना चमचा खालून काढून घ्यायचा, वरून दाबायचा नाही. पहिले दोन-तीन बिघडतात, ते आपण खावेत. पंचामृत किंवा हिरव्या चटणीचा थेंब ताटात टाकून चमच्याच्या टोकानं एकदाच ओढला, तर छान रेघ उमटते. दुसऱ्यांदा ओढला की डाग दिसतो.

सहावी पायरी: बाजारात

बर्तन बाजार आणि त्याला लागून कसेरा बाजार. कसेरा म्हणजे आपले कासार. स्टील पाहिजे तर पहिला, पितळ-तांबं पाहिजे तर दुसरा. गल्ल्या अरुंद आहेत, गाडी लांब लावून चालत जा. सराफ्याच्या खाऊगल्लीची गर्दी रात्री सराफांची दुकानं बंद झाल्यावर वाढते, म्हणून खरेदी दुपारी उरकलेली बरी.

बऱ्याच ठिकाणी जड माल तोलून देतात. तोलून घेणार असाल, तर आधी चमचा पसंत करा, मग भाव विचारा. स्वस्त किलोच्या ढिगातून निवडायला बसलात, तर पातळ पत्राच हाती येतो. घरी जुनं पितळ असेल, तर ते मोडीत देऊन नवं घेता येतं. पण देण्याआधी त्यातली जड भातवाढी आणि तेलाची पळी काढून घ्या. तसं वजन आता क्वचित मिळतं.

फोडणीची पळी लोखंडाचीच घ्या, बूड जाड, दांडा लांब. पातळ अ‍ॅल्युमिनियमची पळी आचेवर वाकडी होते, तेल एका बाजूला जातं, आणि मोहरी अर्धी करपते, अर्धी कच्ची राहते.

सातवी पायरी: पहिली धुणी आणि पुढची निगा

नव्या स्टीलवर पॉलिशचा काळपट थर असतो. साबणाच्या गरम पाण्यानं घासून पांढऱ्या फडक्यानं पुसा; फडकं काळं निघायचं थांबेपर्यंत पुन्हा घासा. बोअरिंगचं पाणी वापरत असाल, तर वाळल्यावर पांढरे डाग उरतात. लिंबाची फोड फिरवून धुवा आणि लगेच पुसा. कोशिंबिरीचा किंवा लोणच्याचा चमचा रात्रभर बरणीत ठेवू नका. मिठानं चांगल्या स्टीललाही बारीक खड्डे पडतात, आणि ते घासून जात नाहीत.

लोखंडी पळी धुतल्याबरोबर आचेवर कोरडी करून तेलाचं बोट फिरवा. इतकंच केलं तरी ती नातवंडांपर्यंत टिकते.

लाकडी चाटू नवा असताना कोमट पाण्यानं धुवा, पूर्ण वाळवा, आणि अळशीचं कच्चं तेल फडक्यानं अगदी पातळ चोळून चिकटपणा जाईपर्यंत हवेशीर ठेवा. अळशीचं तेल लाकडात वाळतं. शेंगदाण्याचं तेल वाळत नाही, चिकट राहतं आणि खवट वास धरतं. पुढे दीड-दोन महिन्यांनी लाकूड फिकट आणि कोरडं दिसलं, की पुन्हा एक हात. लाकूड पाण्यात भिजत ठेवायचं नाही. फुगतं आणि वाळताना चिरतं. हळदीचे डाग राहू द्या, त्यांनी काही बिघडत नाही. पण बारीक चीर दिसली, तर नख घालून बघा. नख आत शिरलं आणि काळसर मळ निघाला, तर तो चाटू स्वयंपाकातून काढून टाका.

भाचीकडे परवा गेले होते. ओट्यावरच्या पट्टीला सहा आकडे आणि त्यावर उलथणं, डाव, चाटू, भातवाढी, पळी आणि श्रीखंडाचा चमचा. सहाव्या आकड्याला चमच्यामागे मिठाईच्या खोक्याचा तो कापलेला पुठ्ठाही टांगलेला होता. कढई मोठी घ्यायची आहे म्हणाली, म्हणून आम्ही तिथेच टेप काढला.